अद्भुतिका, बालसाहित्यातील

अद्भुतिका, बालसाहित्यातील : वास्तव सृष्टीचे नियम बाजूला सारून स्वतःच्या निराळ्या, परंतु आतून सुसंगत अशा नियमांवर उभे राहिलेले जग निर्माण करणारा व बालवाचकास उद्देशून लिहिलेला कथाप्रकार. इंग्रजीतील ‘फँटसी’ या संज्ञेस मराठीत अद्भुतिका, कल्पनारम्य कथा असे पर्याय वापरले जातात. परीकथा, प्राणिकथा व दंतकथा यांच्याशी या प्रकाराचे निकटचे नाते असले, तरी त्यांच्याहून तो वेगळा आहे. लोककथेत बोलणारा लांडगा भेटला, तर भेटणाऱ्या मुलीला त्याचे नवल वाटत नाही; कथेचे सारे जगच तसे असते. अद्भुतिकेत मात्र कोणाला तरी नवल वाटावे लागते. ससा बोलतो याचे नव्हे, तर तो बंडीच्या खिशातून घड्याळ काढून पाहतो याचे ॲलिसला आश्चर्य वाटते व ती त्याच्यामागे धावते, तेथे या प्रकाराची ओळख पटते. शिवाय लोककथेला कर्ता नसतो. अद्भुतिका ही एका लेखकाची निर्मिती असते व तिच्या नियमांची जबाबदारी त्याच्यावर येते. पंचतंत्रातील अगर इसापाच्या कथांतील प्राणी बोलतात ते नीतीच्या सोयीसाठी. त्या बोलण्याला स्वतंत्र अस्तित्व नसल्याने अशा कथांची गणना अद्भुतिकेत करीत नाहीत. फ्रेंच समीक्षक त्स्व्हेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली, तिच्यात घडले ते खरे की भास, या वाचकाच्या दोलायमान अवस्थेला मध्यवर्ती स्थान आहे. बालसाहित्याला ही कसोटी पुरती लागू पडत नाही. मुलाची दोलायमान अवस्था फार वेळ टिकत नाही. पहिल्या दोनचार पानांतच ते कथेचा करार मान्य करते आणि मग तो लेखकाने मोडू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.

अद्भुताचे मूळ द्रव्य मुलांसाठी निर्माण झालेले नव्हते. सोमदेवाचा कथासरित्सागर (अकरावे शतक) व त्यामागील गुणाढ्याची लुप्त बृहत्कथा यांतील विद्याधर, वेताळ, आकाशगमन आणि परकायाप्रवेश हे सारे प्रौढ श्रोत्यांच्या रंजनाचे साहित्य होते. अरबी कथांविषयीही तेच म्हणता येईल. त्यांचे आंत्वान गालां याने केलेले फ्रेंच रूपांतर (१७०४–१७) यूरोपात पसरले, ते प्रथम प्रौढांच्या बैठकांत. शार्ल पेरो (१६२८–१७०३) याचा कथासंग्रह १६९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच सुमारास मादाम दोल्न्वाच्या परीकथाही निघाल्या; या दोघांच्या लेखनात दरबारी चातुर्याचा रंग स्पष्ट दिसतो. ग्रिम बंधूंचा संग्रह (१८१२, १८१५) हा तर प्रथमतः भाषा व लोकपरंपरा यांच्या अभ्यासकांचा उद्योग होता. पुढील आवृत्त्यांत व्हिल्हेल्म ग्रिमने (१७८६–१८५९) १८५७ पर्यंत सतत फेरफार केले. मुलांना रानात सोडून देण्याचा आग्रह धरणारी आई सावत्र आई झाली, शृंगाराचे उल्लेख गळले, शिक्षा मात्र तशाच क्रूर राहिल्या. अद्भुत ही मुलांची मिरास होय, ही समजूत अशा रीतीने बरीचशी एकोणिसाव्या शतकाने घडविलेली आहे. [⟶ परीकथा].

ही मिरास मुलांच्या हाती सुखासुखी आली नाही. जॉन लॉक याने १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात नोकरचाकर मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगून कायमचे भित्रे करतात, अशी तक्रार केली. रूसोने एमीलमध्ये (१७६२) ला फाँतेनच्या प्राणिकथाही मुलांना समजत नाहीत व समजल्या तर भलतेच शिकवितात, असे सांगून आपल्या मानसपुत्राच्या हाती रॉबिन्सन क्रूसोखेरीज दुसरे पुस्तक बराच काळ पडू दिले नाही. इंग्लंडमध्ये सेरा ट्रिमर (१७४१–१८१०) या बाईंनी द गार्डियन ऑफ एज्युकेशन या आपल्या नियतकालिकात (१८०२–०६) सिंड्रेलासारख्या कथांवरही आक्षेप घेतले. सावत्र आईविषयी आकस आणि नटण्यामुरडण्याची हौस यांचे बीज अशा कथा मुलांच्या मनात पेरतात, असा आक्षेपांचा रोख होता. हे आक्षेप आज हास्यास्पद वाटतात. परंतु ते घेणारी माणसे मुलांची वैरी नव्हती. मूल वाचलेले खरे मानते व त्याप्रमाणे घडते, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती आणि तीवरच सारे मतभेद आहेत. उलट बाजूने चार्ल्स लॅमने १८०२ मध्ये कोलरिजला लिहिलेल्या पत्रात, माहितीच्या पुस्तकांनी जुन्या रानटी गोष्टींना बालगृहातून हुसकावल्याबद्दल तीव्र खेद केला. चित्रकार जॉर्ज क्रूकशँक याने परीकथांत मद्यपाननिषेध घुसडला, तेव्हा चार्ल्स डिकिन्झने १८५३ मध्ये स्वतंत्र लेख लिहून त्याची कडक हजेरी घेतली. उपयुक्ततेच्या युगात परीकथांचा मान राखणे अधिकच अगत्याचे आहे, हा त्या लेखाचा गाभा आहे.

स्वतंत्र कृती म्हणून अद्भुतिकेचा आरंभ जर्मन स्वच्छंदतावादी लेखकांपासून मानणे युक्त ठरेल. ए. टी. ए. होफमान (१७७६–१८२२) याच्या अक्रोडफोड्या बाहुला व उंदरांचा राजा यांच्या कथेत (१८१६) नाताळच्या रात्री दिवाणखान्यातील खेळणी जिवंत होऊन उंदरांशी लढतात. लढाई पाहणारी मारी दुसऱ्या दिवशी जखमी हाताने अंथरुणात पडलेली असते आणि वडीलधारी मंडळी सारे काही तापाच्या भ्रमावर ढकलतात. ओळखीचे घर, रात्रीची वेळ, एकटे मूल, विश्वास न ठेवणारे प्रौढ आणि मागे उरलेली एखादी खूण, हा पुढील दोन शतके वापरला गेलेला सांगाडा येथे जवळजवळ पूर्ण स्वरूपात आढळतो. हान्स क्रिस्त्यान आनर्सन (१८०५–७५) याची पहिली पुस्तिका १८३५ मध्ये निघाली. त्याने लोककथेची चौकट घेतली, परंतु तिच्यात सुया, कंदील, कथलाचा शिपाई यांसारख्या घरगुती वस्तूंना वाचा दिली आणि सुखान्ताचा दंडक मोडला. त्याचा कथलाचा शिपाई शेवटी शेगडीत वितळून जातो. मुलांच्या कथेत दुःख दुःख म्हणूनच राहू शकते, ही जाणीव बालसाहित्याला मुख्यतः आनर्सनने दिली. त्याच्या पाठीमागे आलेल्या अनुकरणकारांनी मात्र दुःखाऐवजी हळवेपणाच उचलला.

इंग्लंडमध्ये ग्रिम बंधूंच्या कथांचे भाषांतर १८२३ मध्ये व आनर्सनच्या कथांचे १८४६ मध्ये झाल्यावर वातावरण पालटू लागले. जॉन रस्किन, विल्यम मेकपीस थॅकरी यांनी परीकथेच्या वळणाची पुस्तके लिहिली. चार्ल्स किंग्झलीच्या द वॉटर-बेबीजमध्ये (१८६३) धुराडी झाडणारा पोर पाण्यात बुडून जलबालक होतो. कल्पना विलक्षण आहे, पण लेखकातील धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ दर दोन पानांनी कथा थांबवितात. या पार्श्वभूमीवर लूइस कॅरल (१८३२–९८) या नावाने लिहिणाऱ्या चार्ल्स लटविज डॉज्सन या ऑक्सफर्डच्या गणिताध्यापकाचे ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड (१८६५) हे पुस्तक अवतरले. ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहारात तीन लहान मुलींना तोंडी सांगितलेल्या गोष्टीतून ते वाढले. या पुस्तकाने बोधाला केवळ फाटा दिला नाही, तर त्याची थट्टा केली. शाळेत पाठ केलेली बोधपर पद्ये ॲलिसच्या तोंडून वेडीवाकडी होऊन बाहेर पडतात आणि प्रत्येक गोष्टीत तात्पर्य शोधणारी सरदारीण हे तर हास्यपात्रच आहे. तरीही हे जग बेबंद नाही. शब्दाचा अर्थ अक्षरशः घेणे, तर्क त्याच्या टोकापर्यंत नेणे, या शिस्तीने तेथील वेडेपणा चालतो. थ्रू द लुकिंग-ग्लासमध्ये (१८७१) ही शिस्त बुद्धिबळाच्या पटाची झाली आहे.

दोन्ही पुस्तकांचा शेवट मात्र ॲलिस जागी होण्यात होतो. हे स्वप्न होते, असे सांगून सुटका करून घेण्याची ही रीत पुढे फार रूढ झाली आणि या प्रकारातील ती सर्वांत दुबळी रीत म्हणावी लागेल. कॅरलला ती शोभते, कारण त्याची रचनाच स्वप्नाच्या तर्काने चालते. त्याच्या दुसऱ्या पुस्तकात तर स्वप्न नक्की कोणाचे, हा प्रश्न अखेरीस वाचकावरच सोपविला आहे. इतरांच्या बाबतीत ती बहुधा प्रौढांपुढे दिलेली कबुली ठरते. मुलाने ज्यावर विश्वास ठेवला ते खोटे होते, असे लेखकानेच शेवटच्या पानावर सांगणे म्हणजे मूळ करार मोडणे होय.

हा करार सर्वांत गंभीरपणे घेणारा लेखक जॉर्ज मॅक्डॉनल्ड (१८२४–१९०५) होय. ॲट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड (१८७१) आणि द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन (१८७२) या त्याच्या प्रमुख कृती. कल्पित जगात निसर्गाचे नियम बदलण्याची मोकळीक लेखकाला आहे, एकदा केलेले नियम मोडण्याची नाही. आणि नीतीचे नियम बदलण्याची तर मुळीच नाही, असा विचार त्याने १८९३ मध्ये एका निबंधात मांडला. गॉब्लिनच्या कथेत राजकन्येला तिच्या पणजीआजीने दिलेला अदृश्य धागा बोटाने चाचपडत भुयारातून वाट काढावी लागते आणि बरोबरच्या खाणकामगार मुलाच्या हाताला तो लागतच नाही. श्रद्धेविषयी येथे बरेच सांगितले गेले आहे. पण सांगितले आहे ते धाग्याने, प्रवचनाने नव्हे. किंग्झली व मॅक्डॉनल्ड दोघेही धर्मोपदेशक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बोध असणे हा दोष नसून तो कथेबाहेर पडणे हा दोष आहे, हे लक्षात येते. इटलीत कार्लो कोल्लोदी (१८२६–९०) याच्या पिनोक्यो या लाकडी बाहुल्याची कथा मुलांच्या एका साप्ताहिकात १८८१ पासून क्रमशः आली. लेखकाने पंधराव्या प्रकरणातच बाहुल्याला झाडाला फाशी देऊन गोष्ट संपविली होती. बालवाचकांच्या मागणीमुळे ती पुढे चालवावी लागली व १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. आज्ञाभंगाची शिक्षा सांगणारी ही कथा मुलांनी आज्ञाभंगाच्या गंमतीसाठीच जिवंत ठेवली.

विसाव्या शतकाच्या आरंभी ईडिथ नेझ्बिट (१८५८–१९२४) हिने अद्भुताला रोजच्या व्यवहारात आणले. फाइव्ह चिल्ड्रन अँड इट (१९०२) या तिच्या कथेत खडीच्या खाणीत सापडलेला एक तिरसट वाळूपुरुष पाच भावंडांची दिवसाला एक इच्छा पुरी करतो आणि सूर्यास्ताबरोबर ती विरते. मुले संपत्ती मागतात, तेव्हा खाण सोन्याच्या नाण्यांनी भरते. पण ती नाणी जुन्या काळची असल्याने दुकानदार घेत नाहीत आणि मुले चोरीच्या संशयात सापडतात. जादूला मर्यादा घातल्याने ती अधिक खरी वाटते व विनोदही त्या मर्यादेतूनच उपजतो, हे नेझ्बिटने दाखवून दिले. या प्रकारातील पुढील लेखकांवर तिचे ऋण मोठे आहे. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम याने द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझच्या (१९००) प्रस्तावनेत जुन्या परीकथांतील ठरावीक बुटके व पऱ्या तसेच अंगावर काटा आणणारे प्रसंग टाळल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात पुस्तकात चेटकिणी आहेत आणि भीतीही आहे, आणि ते बरेच झाले. जेम्स बॅरीचे पीटर पॅन हे नाटक १९०४ मध्ये रंगभूमीवर आले. केनेथ ग्रेअमचे द विंड इन द विलोज (१९०८) व स्वीडनमधील सेल्मा लागरलव्हचा नील्सचा प्रवास (१९०६–०७) हेही याच दशकातील. नील्सची कथा शाळांसाठी भूगोलाचे वाचनपुस्तक म्हणून लिहून घेतली गेली होती. हंसाच्या पाठीवर बसलेल्या अंगठ्याएवढ्या पोराने पाठ्यपुस्तकाची मर्यादा ओलांडावी, असे उदाहरण विरळा.

अद्भुतिकेचे संकेत या सर्व लेखनातून हळूहळू स्थिरावले. त्यांपैकी दाराचा संकेत सर्वांत ठळक आहे. सशाचे बीळ, आरसा, वावटळ, सी. एस. लूइसच्या (१८९८–१९६३) नार्निया ग्रंथमालेतील (१९५०–५६) कपाट, ही सारी एका जगातून दुसऱ्यात जाण्याची दारे. दार हवे तेव्हा उघडत नाही. शोधावयास गेलेल्याला ते मिळत नाही, हा त्याला जोडलेला उपनियम. दुसरा संकेत काळाचा. नार्नियात राज्ये करून परतलेली मुले घरी येतात तेव्हा येथील घटकाही सरलेली नसते. फिलिपा पीअर्सच्या टॉम्स मिडनाइट गार्डनमध्ये (१९५८) हा संकेत केवळ सोय राहिलेला नाही. घड्याळ तेराचे ठोके देते तेव्हा टॉमला गतकाळातील बाग व तिच्यातील हॅटी ही मुलगी भेटते. तो आहे तेवढाच राहतो, ती मात्र भेटीगणिक मोठी होत जाते. माडीवर राहणारी वृद्ध घरमालकीण हीच ती मुलगी होय, हे अखेरीस कळते आणि आठवण करणे हेच कथेतील जादूचे खरे यंत्र ठरते. आईवडिलांना कथेतून दूर ठेवणे हाही एक आवश्यक संकेत होय. आजारपण, युद्धकाळातील स्थलांतर, सुटी, अनाथपण अशी त्याची कारणे लेखकानुसार बदलतात, परंतु हेतू एकच असतो : निर्णय मुलाने घ्यावा. मनाई व तिचा भंग, इच्छेची मोजावी लागणारी किंमत आणि खरे नाव उच्चारण्यातील सामर्थ्य हे लोककथेतून आलेले वारसे. त्यांपैकी नावाच्या संकेताला अर्सला ली ग्विन हिने अ विझर्ड ऑफ अर्थसीमध्ये (१९६८) तत्त्वचिंतनाची उंची दिली.

जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) याने द हॉबिट (१९३७) लिहिल्यानंतर दोन वर्षांनी सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथांवर दिलेले व्याख्यान हे या प्रकारातील सर्वाधिक प्रभावी समीक्षा मानले जाते. अविश्वास तात्पुरता दूर ठेवणे हे कोलरिजचे सूत्र त्याला अपुरे वाटते. लेखक दुय्यम सृष्टीचा निर्माता असतो व ती सृष्टी यशस्वी झाली, तर वाचक तिच्या आत असेपर्यंत खराखुरा विश्वास ठेवतो. अविश्वास आवरावा लागला, तर जादू फसलीच, असे तो म्हणतो. स्वप्नाची चौकट त्याने परीकथेबाहेर टाकली. परीकथांचा मुलांशी जोडला गेलेला संबंध हा जुने फर्निचर मुलांच्या खोलीत टाकण्यासारखा अपघात होय, असेही त्याचे मत आहे. हे मत मार्मिक असले तरी एकांगी आहे. फर्निचर अपघाताने आले असेल. पण मुलांनी ते तीनशे वर्षे वापरून त्याचा आकार बदलला, याचा हिशेब त्यात नाही. टॉल्कीनचा स्नेही लूइस याच्या नार्नियात ख्रिस्ती आशय उघड असून टॉल्कीनला ती मिसळ रुचली नव्हती. पुढे फिलिप पुल्मनने आपल्या त्रिखंडात्मक कादंबरीतून (१९९५–२०००) लूइसच्या धर्मदृष्टीला उत्तर दिले. जे. के. रोलिंग हिच्या हॅरी पॉटर मालेने (१९९७–२००७) निवासी शाळेची कथा व अद्भुतिका यांचा संयोग केला. तिचे मराठीतही अनुवाद झाले.

अद्भुताला होणारा विरोध इंग्लंडपुरता किंवा अठराव्या शतकापुरता नव्हता. सोव्हिएट रशियात १९२८ मध्ये नाद्येझ्दा क्रूप्स्काया हिने प्रावदामध्ये कर्न्येई चुकोव्हस्की (१८८२–१९६९) याच्या मगरीवरील बालकाव्यावर टीका केली आणि मॅक्सिम गॉर्कीला त्याच्या बाजूने लेखणी उचलावी लागली. दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या भाषेचा अभ्यास करून चुकोव्हस्कीने दिलेले उत्तर आजही ग्राह्य वाटते. मूल उलटसुलट जगाची गंमत घेते ते सुलटे जग त्याला पक्के कळल्यामुळेच. ज्याला गाडी घोड्यापुढे नसते हे ठाऊक नाही, त्याला ती तशी जुंपल्याचे हसू येणार नाही. ब्रूनो बेटेलहाइमने १९७६ मध्ये मनोविश्लेषणाच्या आधारे परीकथांची केलेली पाठराखण अधिक गाजली, पण तीत कथेचे औषध झाले आहे. उपयुक्ततावाद्यांनी पुढच्या दाराने बाहेर घालविलेली कथा अशा समर्थनात मागच्या दाराने पुन्हा उपयुक्त म्हणूनच आत येते.

भारतीय भाषांत बंगालीमध्ये हा प्रकार लवकर व जोमाने रुजला. त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांची कंकावती (१८९२), अवनींद्रनाथ टागोरांचे क्षीरेर पुतुल व नील्सच्या कथेवर आधारलेले बुडो आंग्ला, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची गुपी व बाघा या जोडगोळीची कथा (१९१५) या त्यातील लक्षणीय कृती होत. सुकुमार राय (१८८७–१९२३) यांच्या ह-य-व-र-ल मध्ये रुमालाचे मांजर होते आणि चाळिशी गाठताच वय उलटे मोजणारी मंडळी भेटतात. कॅरलची सावली येथे आहे, परंतु न्यायालय, हिशेब आणि कारकुनी यांची थट्टा पूर्णपणे वसाहतीतील कलकत्त्याची आहे.

मराठीत अद्भुताची तोंडी परंपरा समृद्ध होती. आटपाट नगरापासून सुरू होणाऱ्या व्रतकथांत नागलोक, बोलके वृक्ष आणि आटलेली तळी सहज येतात; वसा आणि तो टाकल्याचे फळ यांत मनाई व तिचा भंग हाच संकेत वेगळ्या वेशात दिसतो. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी आणि मेणाचे घर बांधणारी चिमणी ही मराठी मुलांची पहिली अद्भुतसृष्टी. मुद्रित बालसाहित्य मात्र दुसऱ्या टोकाने सुरू झाले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती व बर्कीनच्या बोधकथांवर आधारलेला बाळमित्र मराठीत आणला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी लोकप्रिय झाल्या, परंतु त्या खास मुलांसाठी नव्हत्या. विनायक कोंडदेव ओक यांच्या बालबोध (१८८१) मासिकाचा भर चरित्रे, इतिहास व शास्त्रीय माहिती यांवर होता. शाळाखात्याच्या गरजेतून वाढलेल्या या साहित्याला चमत्कार संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. त्यातच सुधारणावाद्यांचा अंधश्रद्धेवरचा रोष मिसळला. भुताची गोष्ट सांगणे व भुतावर विश्वास ठेवणे यांतला फरक त्या काळाला परवडणारा नव्हता, असे म्हणता येईल. वासुदेव गोविंद आपटे यांच्या आनंद (१९०६) मासिकाने वातावरण काहीसे मोकळे केले. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या चांदोबाने राजे, मांत्रिक व वेताळ घरोघर पोहोचविले; समीक्षकांनी त्याकडे दुर्लक्ष केले, मुलांनी केले नाही.

मराठी अद्भुताचे खरे बळ गद्य दीर्घकथेपेक्षा पद्यात व रंगभूमीवर प्रकटले. विंदा करंदीकरांच्या (१९१८–२०१०) एटू लोकांचा देश (१९६३), पिशीमावशी आणि तिची भुतावळ यांसारख्या संग्रहांत भय आणि हसू एकाच नादात मिसळतात व भुतांना घरगुती सवयी असतात. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या बालरंगभूमीने चेटकिणी व राक्षस प्रत्यक्ष मंचावर आणले. त्या रंगभूमीसाठी रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) लिहिलेल्या मधुमंजिरीनंतर निम्मा शिम्मा राक्षस, अलबत्या गलबत्या अशी नाटके आली व त्यांतील काही पुढील पिढ्यांनीही पाहिली. स्वतःचा भूगोल व नियम असलेली दीर्घ गद्य अद्भुतिका मात्र मराठीत तुरळकच राहिली आणि ॲलिससारख्या कृतींची रूपांतरे ती उणीव भरून काढू शकली नाहीत. या पार्श्वभूमीवर जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) यांचे बखर बिम्मची (१९८६) हे छोटे पुस्तक वेगळे उठून दिसते. प्रौढ कथांत नियतीच्या काळोखात वावरणाऱ्या या लेखकाने येथे बिम्म नावाच्या लहान मुलाच्या नजरेतून घर, अंगण आणि रस्ता पाहिला आहे. त्यात दार नाही, आरसा नाही, दुसरे जगही नाही. पशुपक्षी बिम्मशी बोलतात, तो त्यांना उत्तरे देतो, त्यांच्याशी भांडतोही. घरातील मोठ्यांना त्यातले काहीच ऐकू येत नाही, आणि लेखक कोठेही त्यांची बाजू घेत नाही.